सहीची ओळ

मंगळवार, ४ तारीख

काल पोचलो एकदाचा. गाडीत पिशवी मांडीवरच होती, तरी उतरल्यावर पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. चष्मा, गोळ्या, कवळी, सगळं जागेवर. चिमणीचं घर अरुंद आणि उंच आहे, एकावर एक डबे रचावेत तसं. खाली स्वयंपाकघर, वर बसायची खोली, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. स्वयंपाकघरातून एक दार तळघरात उतरतं. तिथे पाण्याची टाकी आणि अडगळ आहे. त्या दाराला बाहेरून जाड कडी आहे. तळघराला बाहेरून कडी कशाला, असं मी सहज विचारलं. उंदीर वर येतात बाबा, असं जावईबापू म्हणाले. मी म्हटलं, इथले उंदीर दार ढकलून येतात म्हणजे पैलवानच दिसतात. ते मोठ्याने हसले. हसरा माणूस आहे. बिजवर म्हणून लग्नाच्या वेळी मी किती कुरकुर केली होती, आता लाज वाटते. पहिली बायको आजाराने गेली, त्यात त्यांचा काय दोष.

चिमणीने दार उघडलं आणि बघतच राहिली. बाबा, तुम्ही कसे, म्हणाली. मी म्हटलं, अगं तूच तर बोलावलंस. आमच्या गावी माझे ई-मेल चष्मेवाल्याच्या दुकानात येतात, तोच मला वाचून दाखवतो. परवाचा ई-मेल एवढाच होता: बाबा, या, वाट बघते. खाली सही होती, तुमची थोरली. त्यावरून चष्मेवाल्याने माझी टर उडवली, की थोरली ही, तर धाकटी कुठे लपवून ठेवलीस रे म्हाताऱ्या? मला एकच पोर. दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसली. चिमणीला हे सांगितलं तर ती हसली नाही. नवऱ्याकडे बघत होती. फार बारीक झाली आहे.

हे मी कॉम्प्युटरवर लिहितोय! जिन्याच्या वळणावर खिडकीशी टेबल आहे, त्यावर तो असतो. पडद्यावर तीन गोल दिसतात, जावईबापू, चिमणी आणि आता मी. नवीन खातं उघडायचा त्यांना कंटाळा आला. एक जुनं रिकामं पडलं होतं, त्याचंच नाव बदलून त्यांनी बाबा केलं. एका बोटाने टाइप करतो. वेळ लागतो, पण मला घाई कसली.

रोज चार ओळी लिहून स्वतःलाच पाठवायच्या, असा बेत आहे. खाली सही आपोआप येते. मला फार गंमत वाटते.

— बाबा

बुधवार, ५ तारीख

जावईबापूंनी आज ई-मेलची सगळी सेटिंग दाखवली. मी सातवीपर्यंत शिकलेला, मला वाटलं होतं डोक्यावरून जाईल. पण त्यांनी छान समजावलं. यंत्र एकच, पण प्रत्येकाची खोली वेगळी. पत्ता ज्याचा त्याचा, पासवर्ड ज्याचा त्याचा, अक्षर केवढं मोठं, खाली सही काय, पत्र लगेच पाठवायचं की थांबवून ठेवायचं, हे सगळं यंत्र प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवतं. मी माझ्या खोलीत कितीही उलथापालथ केली तरी त्यांच्या खोलीतलं स्टूलही हलत नाही.

मला शिवणाचा कारखाना आठवला. मी तिथे मशिनी दुरुस्त करायचो. एकाच मशिनीवर सकाळी एक बाई, दुपारी दुसरी. प्रत्येकीचा धाग्याचा ताण वेगळा. एकीचा ताण दुसरीला चालला नाही की धागा तुटायचा आणि शिव्या मला. म्हणून मी ताणाच्या चकतीवर रंगीत दोऱ्यांच्या खुणा बांधायचो, लाल खूण हिची, हिरवी तिची. बाई आली की आपल्या खुणेवर चकती फिरवायची. हे मी जावईबापूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण म्हणाले की इथे एक फरक आहे. सगळ्यांच्या चकत्या शेवटी घराच्या मालकाच्या हातात असतात.

कालचं पत्र मला परत आलं नाही. स्वतःला पाठवलं तर यायला हवं ना? काहीतरी चुकीचं दाबलं असणार. विचारायला संकोच वाटतो. यंत्र बिघडवलं म्हणतील.

— बाबा

शुक्रवार, ७ तारीख

बिघडवलंच मी. परवाच्या लिखाणाखाली माझी सही नव्हती. तिथे आलं, तुमची थोरली. मी काही हात लावला नव्हता. पुसलं, बाबा असं लिहिलं. नवीन पान उघडलं, पुन्हा तेच.

शेवटी धीर करून जावईबापूंना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. मग हसले. जुनं कुणाचं तरी राहिलं असेल, म्हणाले. कुणाचं, असं मी विचारलं. त्यांनी माउस आपल्या हातात घेतला. सही पुसली, सेटिंग बंद केलं, उघडून दाखवलं, ठीक होतं. ते जिना उतरून गेले. मी पान उघडलं.

चष्मेवाल्यालाही पत्र पाठवलं आहे, रोजच्या पानांची प्रतही त्याला जाते. त्याचं उत्तर नाही. तो असा नाही. एरवी शिंक आली तरी मला कळवतो.

चिमणीच्या मनगटावर निळा डाग आहे. तव्याचा चटका, म्हणते. भाजल्याचा डाग निळा नसतो हे मला कळतं.

— तुमची थोरली

रविवार, ९ तारीख

कोपऱ्यावर इस्त्रीवाल्या बाई आहेत. तोंडाच्या फटकळ. शर्ट घेऊन गेलो तर म्हणाल्या, बापाला आणलं वाटतं या वेळी. या वेळी म्हणजे काय, मी विचारलं. बाईंनी इस्त्री आडवी ठेवली नाही, उभी केली, तेव्हाच मला धडकी भरली.

आजारबिजार काही नाही. पहिली बायको तळघराच्या पायऱ्यांखाली सापडली, टाकीच्या पाण्यात. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. घर दिवसदिवस बाहेरून बंद असायचं, आणि ती जिन्याच्या खिडकीशी बसून काहीतरी टाइप करताना बाईंना दिसायची. माहेरी थोरली होती ती, पाठच्या सगळ्यांना तिनेच वाढवलेलं. ती गेल्यावर तिचा बाप आला. बाईंच्या दुकानापुढच्या बाकावर बसून एकच बडबडत होता, मला कळवलं का नाही, एक शब्द तरी. वर्षभरात तोही गेला. स्वतःच्या घरात, जिन्याखाली, हातात फोन. त्याचा चेहरा घरच्यांनी कुणाला बघू दिला नाही म्हणे.

बाई म्हणाल्या, आजोबा, पोरीला घ्या आणि निघा, शर्ट नंतर न्या.

घरी आलो आणि मूर्खासारखा जावयाला विचारून बसलो, की टाकीत नेमकं काय झालं होतं. मला कधी काही पोटात ठेवता आलं नाही.  त्याने माझा फोन उचलून खिशात टाकला, आवाज कमी येतो, दुरुस्त करून आणतो म्हणाला. बाहेरचं दार आता तो बाहेरून बंद करतो. चोऱ्या वाढल्यात म्हणे.

खालची सही मी अजून वाचली नव्हती. आत्ता वाचली. 

— तुमची थोरली. का नाही आलात?

मंगळवार, ११ तारीख

तो कामावर गेल्यावर चिमणीला जवळ बसवलं आणि विचारलं. ती रडली नाही. मला वाटतं तिचं रडून झालं आहे. म्हणाली, बाबा, फोन तो हातात देत नाही, मी तुम्हाला सारखी पत्रं लिहीत होते, तुम्ही एकालाही उत्तर दिलं नाहीत. मी म्हटलं, अगं, तुझी पत्रं येतात की, सगळं छान आहे, काळजी करू नका. तिने ती पत्रं लिहिलेलीच नाहीत. तोच लिहायचा, वर तिचं नाव टाकून.

तिने तिचा गोल उघडून दाखवला. डाव्या बाजूला आउटबॉक्स आहे, निघालेली पण न गेलेली पत्रं तिथे थांबतात. तिच्या पत्रांची चळत तिथे होती. सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, पत्रं लगेच पाठवू नयेत, रोखून ठेवावीत. त्यावर बरोबरची खूण. ती काढायला गेलो तर चौकोन करडा, निघेना. मालकाच्या खात्यातून बंद केलं आहे, असं यंत्राने लिहून दाखवलं.

मग माझा गोल उघडला. तीच खूण. माझी सगळी पानं आउटबॉक्समध्ये पडून. चष्मेवाल्याला लिहिलेलं पत्रही. मी रोज लिहीत होतो आणि एक ओळही या घराबाहेर गेली नव्हती.

माझ्या पानांच्या खाली आणखी पत्रं होती. माझी नव्हेत. बाबा, हा फोन देत नाही. बाबा, खाली कोंडतो. बाबा, मला न्यायला या. खाली खाली गेलो. अगदी तळाचं, कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखेचं: बाबा, या, वाट बघते.

चष्मेवाल्याने वाचून दाखवलेलं हेच. हेच शब्द.

तो तिची खोली रिकामी करायला विसरला. दारावरची पाटी बदलली आणि मला आत बसवलं. आणि ती आत आहे.

— तुमची थोरली. सगळी पत्रं वाचलीत, तरी नाही आलात. एका बापाला दाखवलं मी काय होतं ते.

बुधवार, १२ तारीख

त्याने जेवताना जाहीर केलं, शनिवारी मला गाडीत बसवून देणार. कवळी विसरू नका बाबा, म्हणाला. चिमणीच्या हातातलं ताट आपटलं. भांडी घासताना ती माझ्या कानाशी बोलली. तुम्ही गेलात की मला तो खाली —

पुढचं तिने उच्चारलं नाही. मी तळघराच्या कडीकडे पाहिलं. कडीला ताजं तेल घातलेलं आहे. तेलाचा वास मला पन्नास पावलांवरून कळतो.

आज मी जिन्यावरून पडता पडता वाचलो. घोट्याला ओला हात लागला. पायरी कोरडी होती. तो हात माझ्यासाठी होता, त्याच्यासाठी नाही. तिला मी तोच बाप वाटतो, जो वाचूनही आला नाही.

मला मरायचं भय आहे. लिहायला लाज कशाला. पण मी इथे जिन्याखाली पडलो तर चिमणीचं काय?

— उतरताना जपून, बाबा.

गुरुवार, १३ तारीख

थोरले, हे तुझ्यासाठी लिहितोय. नीट वाच. ओरडू नकोस, मी म्हातारा माणूस आहे, मला लवकर धडकी भरते.

तुझी पत्रं गेलीच नाहीत. एकही नाही. डाव्या बाजूला बघ, माझ्या पानांच्या खाली सगळी तिथेच आहेत. मग सेटिंग उघड, पाठवण्याचं पान, तिथला करडा चौकोन बघ. ती खूण तुझ्या नवऱ्याने केली. तू पाठवा दाबत होतीस आणि यंत्र हो म्हणत होतं आणि पत्र या खोलीच्या उंबऱ्यात अडकत होतं. तुझ्या ताणाची चकती त्याने पार आवळून ठेवली होती, पोरी. धागा पुढे सरकलाच नाही. तुझ्या बाबांपर्यंत एक टाका पोचला नाही.

ते आले होते. उशिरा, पण आले. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून तुझं नाव घेत होते. त्यांना तू जे केलंस ते केलंस, ते आता परत होत नाही. मला तुझा राग कळतो. पण तो चुकीच्या दारावर गेला.

दुसरी पोर वर खोलीत बसली आहे. तिचीही पत्रं अशीच अडली आहेत. तीच कडी, तोच माणूस, तेच हसू. तो संध्याकाळी घरी येतो आणि पोटभर जेवतो.

मी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आज चिंततो. मशिनीची सुई बोटातून आरपार जाते तेव्हा माणूस कसा ओरडतो ते मी ऐकलं आहे. त्याचं तसं ओरडणं मला ऐकायचं आहे. तुझा राग घे आणि योग्य जागी ने.

(सहीची ओळ बराच वेळ रिकामी होती. चहा करून आलो. आता आहे.)

— मला वाटलं बाबांना मी नकोशी झाले.

शुक्रवार, १४ तारीख

सकाळपासून घोट्याला काही लागलं नाही. जिना सरळ उतरलो.

त्याच्या गोलात काहीतरी बिनसलं आहे. पासवर्ड लागत नाही. तीनदा बदलला. टेबलावर मूठ आपटली, मग चिमणीवर ओरडला, मग माझ्यावर. म्हाताऱ्या, काय केलंस? मी म्हटलं, जावईबापू, मी माझ्या खोलीत कितीही उलथापालथ केली तरी तुमच्या खोलीतलं स्टूल हलत नाही, तुम्हीच म्हणालात. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्याच्या पँटचा खालचा काठ ओला होता. त्याला दिसला नाही.

— तो शनिवारी कुठे असेल?

शनिवार, १५ तारीख

मी लिहिलं होतं, घरीच. मला गाडीत बसवायला.

दुपारी माझी पिशवी त्याने स्वतः दाराशी नेऊन ठेवली. कोट खुंटीला होता, किल्ल्या कोटात. तेवढ्यात खालून पाण्याचा आवाज. टाकी भरून वाहतेय म्हणत, शिव्या देत तो उतरला. दार लागलं.

मग कडी सरकली. तेल घातलेलं, म्हणून आवाज फारसा नाही.

कडी मी लावली नाही. चिमणी माझ्या शेजारी उभी होती, तिनेही नाही. पण काढलीही नाही. आम्ही दोघांनीही नाही.

तो दारावर धडका देतोय. तळघरात फोनला रेंज नसते, हे त्यानेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पत्रं मात्र लिहिता येतात.

ती माझ्या आउटबॉक्समध्ये पडत आहेत. त्याची पत्रं माझ्या खोलीत. दार उघडा. पाणी गुडघ्याला. बाबा, चूक झाली. बाबा, इथे कुणीतरी आहे. बाबा.

मला बाबा म्हणतो.

सेटिंग उघडलं. चौकोन आता करडा नाही. खूण काढता येते. बोट ठेवलं की त्याची पत्रं सुटतील, कुणीतरी वाचेल, कुणीतरी येईल.

बोट मांडीवर ठेवलं.

— धाकटी जाईल. बाबा थांबतील.

शनिवार, नंतर

हो लिहिलं. दुसरं काय लिहिणार. तिने खूप वर्षं वाट पाहिली आहे आणि मी आलो आहे.

चिमणीला किल्ल्या दिल्या. ती ऐकेना, हात धरून ओढत होती. मी खोटं बोललो, कवळी घेऊन मागोमाग येतो. गेली. दार उघडं होतं, उन्हाचा पट्टा पायरीवर. मी त्यात पाय टाकला नाही.

खालचं थांबलं. धडका नाहीत. शेवटचं पत्र नुसतं पाणी असं होतं, तेही अर्धं.

त्याचं एकही जाऊ देणार नाही. त्याची निवडून मसुद्यांच्या कप्प्यात टाकली, तिथेच राहतील — रोखलेली — कायमची.

बाकीच्यांची सोडतो. खूण काढली, चिमणीच्या गोलातलीही. आउटबॉक्स हलतोय. चिमणीची जात आहेत. थोरलीची जात आहेत, एकेक, जुन्या तारखांची. माझी पानं चष्मेवाल्याकडे. त्याला मोठ्याने वाचू नकोस म्हणायचं राहिलं —

सहीची ओळ रिकामी आहे. पुन्हा.

कडी निघाली. खाली.

पायऱ्यांवर पावलं. ओली. एकच माणूस. हलकं. सावकाश येतेय, मला घाबरवायचं नसावं —

खिडकीतून बाक दिसतो. चिमणी बसली आहे, इस्त्रीवाल्या बाईंनी तिला धरलं आहे. सुटली. सुटली माझी पोर.

वर बघतेय. हात हलवला मी. तिनेही —

नाही. हात तोंडावर नेला तिने. उभी राहिली. ती मला बघत नाही, ती माझ्या खांद्याच्या मा

— बाबा आले.